पैसे कापले, पण पोचले नाहीत: मोबाइलवरचं पेमेंट अडकलं तर काय करायचं

आमचं कराडला मेडिकलचं दुकान आहे. काउंटरवर दिवसातून एकदा तरी हे घडतंच. गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करतं, पिन टाकतं, आणि स्क्रीनवरचं ते गोल चक्र फिरत राहतं. मागे चार माणसं उभी असतात आणि साउंडबॉक्स गप्प असतो.

मागच्या पावसाळ्यात एक मावशी काकांच्या बीपीच्या आणि शुगरच्या महिन्याच्या गोळ्या न्यायला आल्या. बिल झालं ८४० रुपये. चक्र फिरलं, ‘पेंडिंग’ आलं. मी सवयीने म्हटलं, “मावशी, परत करून बघा.” मुलाने त्यांच्या फोनमध्ये दोन खाती जोडून दिली होती. त्यांनी दुसऱ्या खात्यावरून केलं, बॉक्स बोलला, गोळ्या घेऊन त्या एसटी स्टँडकडे गेल्या. रात्री हिशेब जुळवायला बसलो तर मावशींचे ८४० दोनदा जमा. पहिलं पेमेंट अकरा मिनिटं उशिरा येऊन पडलं होतं, तेही त्यांच्या पेन्शनच्या खात्यातून. नंबर वहीत होता म्हणून दुसऱ्या दिवशी पैसे परत करता आले. पण गावाकडे जाणाऱ्या गाडीत बसून खात्यातून दोनदा पैसे गेल्याचा मेसेज वाचताना त्यांना काय वाटलं असेल, ते मला अजून टोचतं. तेव्हापासून काउंटरवर ‘परत करून बघा’ म्हणणं मी बंद केलं.

पेमेंट अडकलं की पहिलं काम कारण शोधण्याचं नाही. पैसे आत्ता कुठे आहेत, हे शोधण्याचं आहे. ते कळलं की पुढची वाट आपोआप ठरते.

पैसे खात्यातून निघाले का?

यूपीआयचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. तुम्ही पिन टाकलात की अ‍ॅप तो निरोप एनपीसीआयकडे, म्हणजे देशभरातलं यूपीआय चालवणाऱ्या संस्थेकडे, देतं. एनपीसीआय तुमच्या बँकेला सांगते, ‘एवढे वजा करा.’ बँकेने वजा केले की एनपीसीआय समोरच्या बँकेला सांगते, ‘एवढे जमा करा.’ तिथून होकार आला की तुमच्या स्क्रीनवर हिरवी खूण येते. आधी वजा आणि मग जमा, हा क्रम ठरलेला आहे. म्हणून पहिल्या टप्प्यावर अडलं तर पैसे खात्यातच राहतात. दुसऱ्या टप्प्यावर अडलं तर पैसे तुमच्याकडून गेलेले असतात आणि समोर पोचलेले नसतात.

अ‍ॅप यासाठी तीन शब्द वापरतं. ‘सक्सेसफुल’ म्हणजे झालं. ‘फेल्ड’ म्हणजे झालं नाही. पैसे वजा झालेच असतील तर ते परतीच्या वाटेवर आहेत. सगळ्यात फसवा शब्द ‘पेंडिंग’ किंवा ‘प्रोसेसिंग’. त्याचा अर्थ समोरच्या बँकेचं उत्तर अजून आलेलं नाही. ते होही येईल, नाहीही येईल. आणि लोक नेमके याच वेळी पुन्हा पैसे पाठवतात.

तेव्हा चक्र फिरत असेल तर बॅकचं बटण दाबू नका, अ‍ॅप बंद करू नका, मिनिटभर थांबा. मग बँकेचा मेसेज आलाय का बघा. मेसेज येईलच असं नाही, उशीरही होतो. म्हणून बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये किंवा मिस्ड कॉल सेवेवर शेवटच्या नोंदी पाहा. खरं उत्तर तिथे मिळतं. पेमेंटचं अ‍ॅप काय म्हणतं त्यापेक्षा खात्याचा उतारा काय म्हणतो, ते धरून चाला.

खात्यातून रक्कम गेलेली नसेल आणि अ‍ॅपमध्ये ‘फेल्ड’ असेल, तर खुशाल पुन्हा करा. रक्कम गेली असेल तर पुन्हा पाठवू नका. घाई असेल तर रोख द्या, आणि पहिली रक्कम आली तर परत करायचं दुकानदाराशी बोलून ठेवा. त्याच्याकडून बिलावर तसं लिहून घेतलं तर उत्तमच.

सारखं सारखं ‘चेक स्टेटस’ दाबत बसण्यानेही काही साधत नाही. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय कोलमडलं होतं. एनपीसीआयच्या तपासात त्याचं कारण निघालं ते व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा काही बँकांकडून झालेला भडिमार. त्यानंतर, १ ऑगस्ट २०२५ पासून, अशा तपासण्यांवर बंधनं आली. आता एका अ‍ॅपवरून दिवसाला ५० वेळाच शिल्लक पाहता येते.

पैसे गेलेच नाहीत, पण पेमेंटही होत नाही

व्यवहार उघडून तपशिलात गेलात की बारीक अक्षरात एक कोड सापडतो. स्क्रीनवर तो इंग्रजी अक्षरांत असतो, इथे उच्चाराप्रमाणे लिहितो. काउंटरवर पुन्हापुन्हा दिसणारे असे:

झेड ९ म्हणजे खात्यात पुरेशी शिल्लक नाही. यावर लोक रागावतात, कारण त्यांना शिल्लक दिसत असते. एकूण शिल्लक आणि वापरता येणारी शिल्लक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयपीओला अर्ज केला असेल तर तेवढी रक्कम वाटप होईपर्यंत खात्यात अडकून राहते. कर्जाच्या हप्त्यासाठी किंवा जुन्या थकीत शुल्कासाठी बँकेने काही रक्कम राखून ठेवलेली असू शकते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘अव्हेलेबल बॅलन्स’ असा आकडा असतो, तो बघा.

झेड एम म्हणजे पिन चुकला, आणि झेड ६ म्हणजे तो इतक्यांदा चुकला की बँकेने दार लावून घेतलं. सहसा तीन चुकांनंतर खातं यूपीआयसाठी २४ तास बंद राहतं. वाट बघायची नसेल तर अ‍ॅपमध्ये जाऊन पिन नव्याने लावा. डेबिट कार्डचे शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत आणि ओटीपी लागतो. कार्ड नसेल तर बऱ्याच बँका आधारवरून पिन लावू देतात, मात्र त्यासाठी आधारला आणि बँकेला एकच मोबाइल नंबर जोडलेला हवा. आमच्याकडे येणारे एक आजोबा एटीएमचा पिन इथे टाकायचे. दोन्ही पिन वेगळे असतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा शांतपणे बसून हे दाखवा.

झेड ८ म्हणजे एका व्यवहाराची मर्यादा ओलांडली, झेड ७ म्हणजे एका दिवसात फार वेळा व्यवहार झाले. सर्वसाधारण मर्यादा दिवसाला १ लाख रुपये. रुग्णालय आणि शिक्षणसंस्थांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती ५ लाखांपर्यंत वाढवली, पुढे कर भरण्यासाठीही तीच सोय झाली. पण ही वरची हद्द आहे. तुमच्या बँकेने स्वतःची मर्यादा खाली ठेवली असेल तर तीच लागू. आमच्या भागातल्या कित्येक सहकारी बँकांमध्ये ती बरीच कमी असते. कॉलेजची फी भरायच्या दिवशी हे कळण्यापेक्षा आदल्या आठवड्यात शाखेत विचारलेलं बरं.

नवीन फोन घेतला, सिम बदललं किंवा पहिल्यांदाच अ‍ॅप सुरू केलं, तर पहिले २४ तास ५,००० रुपयांचीच मर्यादा असते; आयफोनवर हा काळ ७२ तासांपर्यंत जातो. चोराने तुमचं सिम मिळवलं तरी एका रात्रीत खातं रिकामं करता येऊ नये, म्हणून ही अडवणूक आहे. दवाखान्यात ॲडमिट करायचं असेल त्याच दिवशी फोन बदलू नका, एवढंच.

यू २८ दिसला तर बँकेचं सर्व्हर बंद आहे. यू ३० म्हणजे खात्यातून रक्कम वजा करता आली नाही. बहुतेक वेळा गोंधळ बँकेकडेच असतो. बी टी असेल तर समोरच्या बँकेकडून उत्तर येत नाहीये. यात पैसे वजा झालेले असण्याची शक्यता धरा. वाय ई म्हणजे खातं गोठवलेलं किंवा थांबवलेलं आहे. सर्व्हरचा प्रश्न असेल तर त्याच अ‍ॅपमध्ये दुसऱ्या बँकेचं खातं निवडा. अ‍ॅप बदलून काही होणार नाही, कारण खातं तेच, बँक तीच. उलट एनपीसीआयच बंद पडली, जशी २६ मार्च २०२५ रोजी संध्याकाळी पडली होती, तर कुठलंच अ‍ॅप चालत नाही. शेजारच्या दुकानात विचारलं की दोन मिनिटांत उलगडा होतो.

वाय ईबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण यात चूक नसलेली माणसं भरडली जातात. खातं गोठण्याची साधी कारणं दोन: केवायसीची कागदं जुनी झाली, किंवा दोन वर्षांत स्वतःहून एकही व्यवहार न केल्याने खातं निष्क्रिय झालं. आधार, पॅन घेऊन शाखेत गेलं की दोन्ही सुटतात. तिसरं कारण अवघड आहे. फसवणुकीचे पैसे फिरत फिरत एखाद्या भाजीवाल्याच्या, चहावाल्याच्या खात्यात ६० रुपये म्हणून येतात आणि सायबर पोलिसांच्या पत्रावरून त्याचं खातं अडकतं. असं झालं तर बँकेकडून लेखी मागा: कुठल्या पोलीस ठाण्याचं पत्र आहे, तक्रारीचा क्रमांक काय, किती रक्कम अडकवली आहे. पूर्ण खात्याऐवजी वादातली रक्कमच थांबवावी असा अर्ज बँकेला आणि त्या पोलीस ठाण्याला द्या. सोबत त्या दिवसाच्या विक्रीची नोंद जोडा.

कधी कधी अडचण पेमेंटच्या फार आधी असते: अ‍ॅप नोंदणीच घेत नाही. नोंदणीच्या वेळी अ‍ॅप तुमच्या सिमवरून गुपचूप एक एसएमएस पाठवतं आणि नंबर खरा तुमचाच आहे याची खात्री करतं. रिचार्ज संपला असेल, पॅकमध्ये एसएमएस नसतील, दोन सिमपैकी चुकीचं निवडलं असेल, तर तो मेसेज जातच नाही. दहापैकी आठ जणांचं इथेच सुटतं. एक मेसेज स्वतः कुणाला तरी पाठवून बघा. तो गेला तर नोंदणीही होईल. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा, फोनची तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा, अ‍ॅप अपडेट करा. वर्षभर न वापरलेला यूपीआय आयडी बंद होतो, तोही पुन्हा चालू करावा लागतो.

नातेवाईक परदेशात असतील तर त्यांना सांगा की एनआरई किंवा एनआरओ खातं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं इथल्या बँकेतलं खातं) असेल तर काही देशांतल्या स्थानिक नंबरवर यूपीआय घेता येतं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँग, यूएई, सौदी अरेबिया, ओमान आणि कतार हे त्यातले सुरुवातीचे दहा. बँकेने ती सोय दिलेली असायला हवी. त्यासाठी इथलं सिम रोमिंगवर जपत बसायची गरज नाही.

कार्ड ‘डिक्लाइन’ होतं तेव्हा

कार्डाबाबत मी एकच गोष्ट पहिल्यांदा विचारतो: ऑनलाइन वापर चालू केलाय का? रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशानुसार नवं कार्ड हातात येतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून द्यायचे व्यवहार आपल्याला चालू करून घ्यावे लागतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘कार्ड कंट्रोल’ किंवा ‘मॅनेज कार्ड’ अशा नावाखाली ही बटणं असतात, शेजारीच मर्यादेचा आकडा असतो. कार्डाची मुदत संपून नवं आलं की सगळी बटणं पुन्हा बंद. ‘जुनं चालत होतं, नवीन खराब आहे’ ही तक्रार नव्वद टक्के इथे मिटते.

दुसरं, दुकानांच्या अ‍ॅपमध्ये साठवलेलं कार्ड. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना कार्डाचा नंबर स्वतःकडे ठेवता येत नाही. त्याजागी एक टोकन, म्हणजे खऱ्या नंबराऐवजीचा बदली क्रमांक, राहतं. कार्ड बदललं की जुनं टोकन निरुपयोगी. साठवलेलं कार्ड काढून टाका आणि नव्याने नंबर घालून जोडा.

ओटीपी येत नसेल तर बँकेत नोंदलेला नंबर कोणता आहे ते आधी पडताळा. कित्येक घरांत तो मुलाचा किंवा बंद झालेला जुना नंबर असतो. टॅप करून ५,००० पर्यंतच पिनशिवाय जातं. त्यावर पिन लागतो, आणि घाईत मशीनने पिन विचारलाय हेच लक्षात येत नाही. सगळं ठीक असूनही कार्ड अडत असेल तर बँकेच्या यंत्रणेला व्यवहार संशयास्पद वाटला असेल. रात्री दोनला परदेशी साइटवर मोठी खरेदी, किंवा एकाच तासात तीन शहरं. कार्डाच्या पाठीवरच्या नंबरवर फोन करा, ‘हा व्यवहार माझाच आहे’ म्हणून सांगा आणि मग पुन्हा करा.

क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायचं असेल तर ते रुपेचं हवं. तेही दुकानातल्या क्यूआरवर चालतं, भावाला किंवा मित्राला पैसे पाठवायला नाही. क्यूआर दुकानाचा नसून मालकाच्या वैयक्तिक खात्याचा असेल तर तिथेही नकार येतो. आपलं कार्ड खराब आहे असं समजू नका.

दर महिन्याला आपोआप जाणारे हप्ते, सबस्क्रिप्शन वगैरे १५,००० रुपयांपर्यंत ओटीपीशिवाय जातात. विमा, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाच्या बिलासाठी ती मर्यादा १ लाख आहे. वजावटीच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. तो मेसेज आला की त्याच दिवशी खात्यात रक्कम ठेवा.

पैसे कापले आणि पोचले नाहीत

इथे मात्र तारखा पाठ असाव्यात. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने अडकलेल्या व्यवहारांना मुदती घालून दिल्या आणि भरपाई ठरवली. मोजायला सुरुवात व्यवहाराच्या दिवसापासून, आणि दिवस कॅलेंडरचे धरायचे.

एका माणसाने दुसऱ्याला यूपीआयने पाठवलेले पैसे त्याच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर जास्तीत जास्त दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. आयएमपीएसलाही, म्हणजे बँकेतून थेट दुसऱ्या खात्यात लगेच पैसे पाठवण्याच्या सोयीलाही, हीच मुदत आहे. दुकानाला केलेलं पेमेंट, म्हणजे खात्यातून गेले पण दुकानदाराला खात्री मिळाली नाही, तर पाच दिवस. कार्ड मशीनवर स्वाइप केलं, पैसे गेले, पण पावती निघाली नाही, तिथेही पाच दिवस. एटीएमने नोटा न देता पैसे कापले, पाच दिवस. मुदत उलटली की बँकेने दर दिवसाला १०० रुपये द्यायचे, आणि तेही ग्राहकाने मागण्याची वाट न बघता. हे शेवटचं वाक्य शाखेत फार कमी ग्राहकांना माहीत असतं, म्हणून मी ते सगळ्यांना सांगत सुटतो.

मुदत संपेपर्यंत करायचं काम एकच: पुरावा जपणं. व्यवहाराच्या तपशिलात बारा अंकी यूटीआर क्रमांक असतो. तो वहीत उतरवा, स्क्रीनशॉट घ्या, बँकेचा मेसेज डिलीट करू नका. अ‍ॅपचा स्वतःचा लांबलचक व्यवहार क्रमांक वेगळा. बँकेत यूटीआर विचारतात.

मुदत संपली तरी पैसे आले नाहीत, तर असं करा.

१. अ‍ॅपमध्ये तो व्यवहार उघडा आणि तिथूनच ‘हेल्प’ किंवा ‘रेझ डिस्प्यूट’मधून तक्रार नोंदवा. वेगळा ईमेल लिहिण्यापेक्षा हे चांगलं, कारण सगळे क्रमांक आपोआप जोडले जातात. तक्रार क्रमांक लिहून घ्या.

२. त्याच दिवशी आपल्या बँकेला लेखी कळवा. पैसे तुमच्या बँकेने वजा केलेत, तेव्हा उत्तर देणं तिचं काम. काउंटरवरून ‘अ‍ॅपवाल्यांना विचारा’ असं सांगून परत पाठवतात, तसं परत यायचं नाही. माझ्या भावाला एका शाखेने तीन खेपा घालायला लावल्या. चौथ्या खेपेला अर्ज आणि पोच घेतल्यावर दोन दिवसांत रक्कम आली.

३. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार ऑनलाइन करता येते, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. टपालाने चंदीगडच्या केंद्राकडेही पाठवता येते. माहितीसाठी १४४४८ या नंबरवर मराठीतही बोलता येतं. बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर इथे तक्रार टिकत नाही, म्हणून दुसरी पायरी गाळू नका. खातं पतसंस्थेत असेल तर ती रिझर्व्ह बँकेच्या या योजनेत येत नाही. तिथे सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जावं लागतं.

अर्ज कसा लिहायचा म्हणून लोक अडतात. आमच्या दुकानात मी हा नमुना झेरॉक्स करून ठेवलाय:

‘प्रति, शाखाधिकारी. विषय: यूपीआयद्वारे रक्कम वजा होऊनही व्यवहार पूर्ण न झाल्याबाबत. महोदय, आपल्या शाखेतील माझ्या बचत खात्यातून (शेवटचे चार अंक ....) दि. .... रोजी .... वाजता .... रुपये वजा झाले. समोरच्या खात्यात ही रक्कम जमा झालेली नाही. यूटीआर क्रमांक ..... रिझर्व्ह बँकेच्या दि. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ही रक्कम दि. .... पर्यंत परत येणे आवश्यक होते. ती अद्याप आलेली नाही. तरी मूळ रक्कम आणि मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये याप्रमाणे भरपाई खात्यात जमा करावी, तसेच या अर्जाची पोच व तक्रार क्रमांक द्यावा. सोबत: व्यवहाराचा स्क्रीनशॉट, खात्याचा उतारा.’

दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख, सही घेऊन परत आणा. ईमेलने पाठवलात तर बँकेच्या संकेतस्थळावर दिलेल्या तक्रार अधिकाऱ्याच्या पत्त्यावरच पाठवा.

परतावा आणि अडकलेले पैसे यांत गल्लत करू नका. वस्तू परत केली आणि दुकानाने रिफंड दिला, तर तो नवीन व्यवहार असतो, त्याला वरच्या मुदती लागू नाहीत. कार्डावरचा रिफंड दिसत नसेल तर दुकानाकडे एआरएन मागा. हा २३ अंकी क्रमांक असतो, आणि तो दिला की बँकेला रिफंड कुठे आहे ते शोधता येतं. दुकान तो देऊ शकत नसेल तर बहुधा रिफंड निघालेलाच नाही.

आणि चुकीच्या माणसाला पाठवलेले पैसे हा अडकलेला व्यवहार नाही, तो यंत्रणेच्या दृष्टीने पूर्ण झालेला व्यवहार आहे. ते आपोआप परत येत नाहीत. लगेच बँकेला कळवा; बँक समोरच्या बँकेमार्फत विनंती करते, पण त्या माणसाची संमती लागते. जून २०२५ च्या अखेरीपासून पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं बँकेतलं नाव स्क्रीनवर दिसतं. पिन टाकण्याआधी ते नाव मोठ्याने वाचा. आम्ही गिऱ्हाइकाला वाचायला लावतो.

अडचणीच्या वेळी येणारे चोर

पेमेंट अडकलं की माणूस घाबरून इंटरनेटवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतो. नेमक्या त्याच जागी चोरांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. नंबर फक्त अ‍ॅपच्या आतून, कार्डाच्या पाठीवरून किंवा पासबुकावरून घ्या. पैसे परत मिळवायला पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप घ्यावं लागत नाही, एक रुपयाही भरावा लागत नाही. यातलं काहीही सांगितलं तर फोन ठेवा.

पैसे गेलेच तर १९३० वर तत्काळ फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या तासात कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात थांबवता येण्याची शक्यता जास्त. बँकेलाही लगेच कळवा. तुमच्याकडून पिन-ओटीपी गेलेला नसताना, बँकेच्या नव्हे तर बाहेरच्या कुणाच्या घुसखोरीने पैसे गेले, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर जबाबदारी तुमच्यावर येत नाही. जुलै २०१७ पासून हा नियम आहे.

दुकानदार बांधवांसाठी

साउंडबॉक्स बोलला नाही म्हणजे पैसे आले नाहीत, असं नाही. त्याच्यात वेगळं सिम असतं, रेंज गेली की तो मुका होतो. गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी खूणही पुरावा नाही, खोट्या स्क्रीनची अ‍ॅप निघालेली आहेत. स्वतःच्या फोनमध्ये व्यापाऱ्याचं अ‍ॅप उघडा, यादीत नाव आणि रक्कम दिसली तरच आले.

लहान रकमांसाठी गिऱ्हाइकांना यूपीआय लाइट सुचवा. एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय जातात, त्यात ५,००० पर्यंत ठेवता येतात, आणि बँकेच्या सर्व्हरला दर वेळी विचारावं लागत नसल्याने गर्दीच्या वेळीही ते सहसा अडत नाही.

आमच्या काउंटरवर आता एक दोनशे पानी वही आहे. पेमेंट पेंडिंग राहिलं की त्यात तारीख, वेळ, रक्कम, यूटीआरचे शेवटचे चार अंक आणि गिऱ्हाइकाचा फोन नंबर लिहितो. ओळखीचं माणूस असेल तर औषध देतो आणि पैशांसाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतो. रात्री गल्ला मोजताना वही आणि व्यापाऱ्याच्या अ‍ॅपमधली यादी शेजारी ठेवायची, आलेल्या नोंदीवर खूण करायची, दोनदा आलेल्यांना लगेच फोन करायचा. रोज पाच मिनिटं लागतात.